पोंक्षेसाहेब नाल्यावर जातात

मयूर विहारच्या पहिल्या फेजमध्ये, मेट्रो स्टेशनपासून सात मिनिटांच्या चालीवर, एका सहकारी सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर हेरंब पोंक्षे राहतात. वय वर्षे सहासष्ट. मूळचे पुण्याचे, दिल्लीत येऊन छत्तीस वर्षं झाली. जन्मात कधी मासा खाल्लेला नाही. शेजारच्या बॅनर्जींकडे मोहरीच्या तेलात काही तळायला लागलं की ते उठून आपल्या खिडक्या लावून घेतात. असे हे पोंक्षे दर जूनमध्ये हिमाचलात ट्राउट मासा पकडायला जातात.

का जातात, तर भिडेखातर.

मानेसरच्या एका मोटारींच्या कारखान्यात, रंगखात्यात, त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली. काम एकच. रंगवून आलेलं दार, बॉनेट, बंपर नमुन्याच्या पत्र्याशी ताडून पाहायचं आणि छटेत केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवायचा. कामगार त्यांना पाठीमागे 'रिजेक्टसाहेब' म्हणत, आणि दिवाळीच्या सुमारास धीर आला की समोरही. निवृत्तीच्या आठ दिवस आधी खात्याचे सुपरवायझर गुलाबराव शेलार त्यांच्या टेबलाशी आले. गुलाबराव फलटणचे. त्या खात्यात मराठी बोलणारे हे दोघेच.

"साहेब, आठवण म्हणून काय द्यायचं तुम्हाला? घड्याळ, गणपती सोडून सांगा. ते सगळ्यांनाच देतो."

पोंक्ष्यांनी विचार केला. "फिरायला जाताना हातात धरायला काहीतरी द्या. काठी द्या. घडीची असली तर बरं, मेट्रोत अडचण नको."

गुलाबरावांनी हा निरोप ऑफिसातल्या सुयशला दिला. सुयश आडनावाने मराठी, पण वाढलेला दिल्लीत. 'काठी' म्हणजे हिंदीत घोड्याचं खोगीर, आणि सुयशला तेवढाच अर्थ ठाऊक होता. साहेबांकडे घोडा नाही हेही त्याला ठाऊक होतं. तेव्हा त्याने अक्कल लढवली. घडीचं, लांब, बाहेर गेल्यावर हातात धरायचं. एकतीस मेला निरोपसमारंभात खोकं उघडलं तर आत चार तुकड्यांचा, एकात एक बसणारा, ट्राउट पकडायचा गळ.

खोक्यावर माशाचं चित्र होतं. गुलाबरावांनी ते पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि साहेबांच्या मनात हे इतकी वर्षं होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता, असं वाटून त्यांनी माइक ओढून घेतला. ते म्हणाले, "हमारे साहब अब पहाड़ में जाएँगे और ट्राउट पकड़ेंगे!" दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. अशा वेळी 'मला काठी हवी होती' असं म्हणणारा माणूस वेगळा असतो. पोंक्षे म्हणाले, "थँक यू. बिल्कुल जाऊंगा."

आणि पुढच्याच आठवड्यात, पत्नी सुमित्राबाईंना घेऊन, गेले.

कुलू जिल्ह्यातल्या एका खोऱ्यात बिमलाजी नावाच्या विधवा बाई दोन खोल्या पाहुण्यांना देतात. अंगणापुढे नदी. पोंक्षे नदीवर पोहोचले तेव्हा ती इतक्या जोरात वाहत होती की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. रंग ताकासारखा. वर बर्फ वितळलं की असं होतं. मासे असतात, पण तळाला कुठेतरी दगडामागे जीव धरून बसलेले, आणि गळाला आमिष म्हणून लावून वरून टाकलेली खोटी माशी त्यांना दिसत नाही, दिसली तरी उठून यायची कुणाची टाप नाही. तीन दिवस पोंक्षे काठावर उभे राहिले. गळाचा दोरा दोनदा त्यांच्या टोपीत आणि एकदा सुमित्राबाईंच्या शालीत अडकला.

परतीच्या बसमध्ये गुलाबरावांचा फोन आला.

"साहेब, पकडला का?"

आता इथे खरं सांगायचं, तर भेट वाया गेली असं होतं. बस घाटात वळत होती. पोंक्षे म्हणाले, "हो."

"केवढा?"

"दीड फूट."

दुसऱ्या दिवशी रंगखात्याच्या फळ्यावर हिंदीतून लिहिलं गेलं, की पोंक्षेसाहेबांनी दीड फुटाची ट्राउट पकडली. अठ्ठावीस वर्षांत ज्यांनी चुकीच्या छटेचं एक दार पुढे जाऊ दिलं नव्हतं, त्यांच्या नावावर हा एक मासा पास होऊन गेला. परत बोलावायची सोय नव्हती. पोंक्ष्यांना त्या रात्रीपासून झोप कमी येऊ लागली. यावर उपाय त्यांच्या मते एकच होता. एक खरा मासा पकडायचा, म्हणजे हिशेब बरोबर.

पण तो मिळेना. साथीची दोन वर्षं सोडली तर दर वर्षी ते गेले, आणि दर वर्षी पाणी चढलेलंच. जूनशिवाय जाता येत नव्हतं, कारण सुमित्राबाईंच्या संस्कृतच्या शिकवण्या; मुलं दिल्लीतून हलतात ती जूनमध्येच. सुमित्राबाईंशिवायही जाता येत नव्हतं, कारण पोंक्ष्यांना गाठी मारता येतात, सोडवता येत नाहीत.

स्वभावाप्रमाणे त्यांनी पद्धत बसवली. खोट्या माश्या ते घरीच बनवू लागले. जुन्या रंगाच्या ब्रशांचे केस आणि सुमित्राबाईंच्या विरलेल्या पैठणीची जर. बाल्कनीत दोरीवर त्या वाळत घातलेल्या असत. "लोकांचे नवरे निवृत्त झाल्यावर माशा मारतात," सुमित्राबाई खालच्या मजल्यावरच्या बायकांना सांगत, "आमचे करतात." पाण्यात पाय घालायचा आणि अंगठा दिसेनासा होतो तिथवरची खोली मोजायची, हेही त्यांनी शोधून काढलं. हातभर खोलीवर अंगठा दिसला तर आशा आहे, घोट्याशीच गेला तर चहा प्यायला जावं. शिवाय कारखान्यातल्या नमुन्यासारखा एक पाच छटांचा पुठ्ठा रंगवून त्यांनी बिमलाजींना पोस्टाने पाठवला. एक म्हणजे नितळ. दोन, तांदळाचं धुवण. तीन, ताक. चार, पन्हं. पाच, चहा. निघण्याआधी ते फोन करत. बिमलाजी पुठ्ठा घेऊन अंगणाच्या कडेला जात, पाहत, आणि सांगत, "तीन नंबर, साहब. कल चार था."

"चार? चार तो आम का होता है!"

"ऊपर मिट्टी गिरी थी, साहब. आम ही समझो."

मग प्रत्येक वेळी बिमलाजी एक वाक्य जोडत. बिमलाजीच नव्हे, दुकानदार, टॅक्सीवाला, मासेमारीचा परवाना देणारा माणूसही. नदीकाठी त्यांना तसं उभं पाहून येणारा-जाणारा थांबे आणि म्हणे, "साहब, यहाँ क्या खड़े हो? नाले पे जाओ."

पोंक्षे कानकोंडे होत. त्यांच्या फ्लॅटच्या मागच्या अंगाला नाला आहे. दिल्लीत नाला म्हणजे काय ते दिल्लीकराला सांगायला नको. पोंक्ष्यांनी त्याच्याविरुद्ध महापालिकेकडे आजवर तीन अर्ज केले, चौथ्याचा मसुदा तयार आहे. पुण्यातही नाला म्हणजे काही फार वेगळं नाही. पहिल्या वर्षी त्यांना वाटलं, हा माणूस आपल्याला प्रातर्विधीची जागा दाखवतो आहे. त्यांनी आभार मानले आणि सांगितलं, "होऊन गया." दुसऱ्या खेपेला वाटलं, चेष्टा करतात. तिसऱ्या खेपेला परवाना देणाऱ्या माणसानेच 'नाले पे जाइए' म्हटल्यावर ते चिडले आणि तोंड वळवून उभे राहिले. मासा न मिळाल्याचं दुःख एकीकडे, आणि सभ्य माणसाला सारखं गटारावर धाडायचं म्हणजे काय!

यंदा एप्रिलमध्ये गुलाबरावांचा फोन आला.

"साहेब, तीस जूनला मी पण सुटतोय. तुम्हाला यायचंय. आणि एक काम आहे तुमच्याकडे. तो हणमंत आहे ना, डेंटिंगचा, गेली सहा वर्षं माझं डोकं खातोय. म्हणतो साहेबांनी मासाबिसा काही पकडला नाही, फोटो कुठाय? मी त्याच्याशी दोन महिने बोलत नव्हतो. तेव्हा फोटो घेऊन या. पडद्यावर लावू मोठा. जुना नसेल सापडत तर यंदाचा आणा."

पोंक्ष्यांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"ऐकताय ना साहेब? माझी इज्जत आहे त्यात."

"हो हो," पोंक्षे म्हणाले. "आणतो."

सुमित्राबाईंनी सगळं ऐकलं होतं. "आत्ताच सांगून टाका ना. फोनवर सोपं जातं."

"तो दोन महिने बोलत नव्हता गं हणमंतशी. माझ्या शब्दावर."

"मग यंदा पकडा तरी!"

"पाणी चढलेलं असणार."

"दर वर्षी असतं. चढलेल्या पाण्यात कुणीच पकडत नाही का? बिमलाजींचा भाऊ तर रोज चार आणतो म्हणतात."

हा प्रश्न पोंक्ष्यांना खरोखरच कधी पडला नव्हता.

उलगडा झाला तो आठ जूनच्या रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, आणि तो माशांवरून नव्हे, राजम्यावरून झाला. सुमित्राबाईंचा राजमा दिल्लीच्या पाण्यात शिजत नाही, बिमलाजींचा लोण्यासारखा होतो, म्हणून त्यांनी फोन करून विचारलं. फोन स्पीकरवर होता. पोंक्षे शेजारी माशीला जर गुंडाळत होते.

"पानी का फर्क है, बहनजी," बिमलाजी म्हणाल्या. "हमारा तो नाले का पानी है."

सुमित्राबाईंच्या हातातला डाव खाली पडला. "किसका?"

"नाले का. पाइप लगा रखी है ना. पीने का भी वही. आपको पहले दिन से वही पिलाया है."

सुमित्राबाईंनी जवळची खुर्ची ओढून बसकण मारली. पोंक्ष्यांना आठवलं, की त्यांनी ते पाणी पिऊन वर 'क्या मिठास है' असं म्हटलं होतं, आणि एकदा तर दोन बाटल्या भरून मयूर विहारला आणल्या होत्या. बॅनर्जींनाही अर्धा पेला दिला होता.

"अहो, आपण चार वर्षं गटार प्यालो!" सुमित्राबाई मराठीत ओरडल्या.

"बहनजी, तबीयत ठीक है?" बिमलाजींना काही कळेना. "रुको, वीडियो भेजती हूँ. बिल्कुल साफ़ है. बर्फ का नहीं, सोते का पानी है, चट्टान में से निकलता है."

व्हिडिओ आला. देवदारांच्या मधून, शेवाळलेल्या धोंड्यांवरून उड्या मारत एक पाणी उतरत होतं. खालचा एकेक खडा मोजून घ्यावा. पोंक्ष्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"एक नंबर. अगं, एक नंबरची छटा आहे."

"कशाची?"

"अगं, हा ओढा आहे! नाला म्हणजे ओढा!"

मुलगी कादंबरी गुडगावहून रविवारची जेवायला आली होती. ती आतून म्हणाली, "ओढा म्हणजे काय बाबा? ओढलेला?"

पोंक्ष्यांनी व्हिडिओ पुन्हा सुरू केला. नदी बर्फाने फुगली की तिच्यात राहू न शकणारा मासा कडेच्या ओढ्यांत चढतो, हे त्या खोऱ्यात पोरासोरांना माहीत होतं. चार खेपा सगळं खोरं हात जोडून हेच सांगत होतं, आणि पोंक्षे तोंड फिरवून उभे होते.

अठरा जूनला ते निघाले. एकोणीसला सकाळी परवाना काढला. देणाऱ्याने सवयीने 'नाले पे—' म्हणून सुरुवात केली आणि तो स्वतःच थांबला. पोंक्षे म्हणाले, "जी, नाले पे ही जा रहे हैं." त्या माणसाने उठून हात मिळवला.

नदी त्या दिवशी तीन आणि चारच्या मध्ये होती. पुलापासून वीस मिनिटं चढून गेल्यावर नाल्याचं तोंड लागलं. पोंक्ष्यांनी बूट काढून पाय घातला. कळ मस्तकात गेली, पण अंगठा दिसत होता. नखावरची जुनी भेगसुद्धा. तो अंगठा ते इतका वेळ आनंदाने पाहत राहिले, की सुमित्राबाईंना सांगावं लागलं, "आता बाहेर काढा, निळा पडलाय."

ओढा जेमतेम दोन पावलं रुंद. नदीसाठी शिकलेलं हवेत दोरा फिरवणं इथे उपयोगाचं नव्हतं, कारण हवाच नव्हती, सगळी झाडं होती. पहिली माशी देवदारावर बसली. दुसरीही. तिसरी एका गाईच्या पाठीवर, आणि ती गाय पैठणीची जर घेऊन वर निघून गेली. सुमित्राबाई धोंड्यावर बसून दशम्या सोडत होत्या.

"फेकताय कशाला एवढं? नुसतं ठेवा ना पाण्यावर. नैवेद्य दाखवल्यासारखं."

पोंक्ष्यांनी वाकून, चौथी माशी एका डबक्यावर, धोंड्याच्या आडून, ठेवली. आणि दोरा ताणला गेला.

यानंतर काय झालं त्याबद्दल दोघांचं एकमत नाही. पोंक्षे म्हणतात, त्यांनी शांतपणे दोरा आखडला. सुमित्राबाई म्हणतात, "सुमित्रा, काहीतरी आहे! घे! घे!" असं ओरडत ते मागे मागे येत दशम्यांवर बसले. एवढं मात्र दोघांना मान्य, की दोऱ्याच्या टोकाला मासा होता. खरा. अंगावर काळे आणि तांबडे ठिपके, आणि पोटाशी असा एक पिवळा, की पोंक्षे त्याही गडबडीत म्हणाले, "हा पिवळा आपल्याकडे कधी जमला नाही."

परवान्यावरच्या मापाहून मासा लहान होता, म्हणजे सोडणं भाग. त्यांनी हात पसरून माशाच्या बाजूला धरला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. एक वीत.

"फोटो! लवकर!"

सुमित्राबाईंनी फोन धरला, बटण दाबलं. इथवर सगळं जमलं होतं, मग नेमकी कुठे माशी शिंकली कोण जाणे. फोटोत पोंक्षे आहेत. तोंड उघडं. दोन्ही हात पुढे, रिकामे. हातांच्या खाली पाण्यात एक पांढरा शिंतोडा.

पुढचे दोन दिवस त्या ओढ्यात काहीच लागलं नाही.

तीस जूनला सोमवारी, दुपारी साडेबाराला, मानेसरच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये गुलाबरावांना हार घातला गेला. भाषणाच्या शेवटी गुलाबराव म्हणाले, की एक गोष्ट राहिली आहे, आणि हणमंतने पुढे येऊन बसावं. हणमंत पुढे येऊन बसला. सुयशने पडद्यावर फोटो लावला. सहा फुटी पोंक्षे, तोंड उघडं, हात रिकामे.

हणमंतने मान वळवून गुलाबरावांकडे पाहिलं.

पोंक्षे उठले आणि माइकशी गेले. "यह मछली इस फोटो में नहीं है," ते म्हणाले. "छोटी थी, नियम से कम, इसलिए छोड़नी ही थी." कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "साहब ने मछली भी रिजेक्ट कर दी!" आणि सगळं कँटीन हसायला लागलं. पोंक्षे हसणं थांबायची वाट पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "और दीड़ फुट वाली कभी थी ही नहीं. मैंने झूठ बोला था." यावर आणखी मोठा हशा आला, टाळ्याही पडल्या. साहेब एवढे गमतीदार आहेत हे नोकरीत असताना कुणाला कळलं नव्हतं. त्यांनी 'झूठ' हा शब्द आणखी दोनदा उच्चारून पाहिला. काही उपयोग झाला नाही. हणमंतसुद्धा डोळे पुसत होता.

हसत नव्हते ते एकटे गुलाबराव.

जेवणाच्या रांगेत पोंक्षे त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. गुलाबरावांनी वळून पाहिलं नाही. पुरी घेतली, छोले घेतले, जिलबी घेतली, कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसले. पोंक्षे समोर बसले.

"सहा वर्षं," गुलाबराव ताटाकडे पाहत म्हणाले. "सहा वर्षं त्या माशाची बाजू घेतली मी. मालकाचीसुद्धा कधी एवढी घेतली नाही."

"चुकलं माझं, गुलाबराव."

"आणि हा यंदाचा? हाही तसलाच?"

"नाही. हा होता."

"फोटोत तर पाणी आहे नुसतं."

"सुटला."

"हं." गुलाबरावांनी जिलबीचा तुकडा मोडला. "केवढा होता म्हणालात?"

"एक वीत."

"कुणाची?"

"म्हणजे?"

गुलाबरावांनी हात पुसला आणि टेबलावर पसरला. फलटणच्या शेतातला हात, सुपासारखा. पोंक्ष्यांनी आपला त्याच्या बाजूला ठेवला. जवळजवळ दीड-दोन इंचांचा फरक.

"माझी वीत धरा," गुलाबराव खालच्या आवाजात म्हणाले. "नऊ इंच भरते. नऊ म्हणजे सांगण्यासारखा मासा होतो. हणमंतला मी बघतो."

पोंक्ष्यांनी दोन्ही हातांकडे पाहिलं. गुलाबरावांचा हात पसरलेलाच होता.

"नाही," ते म्हणाले. "माझीच. आणि करंगळीपाशी शेपूट थोडं अलीकडे होतं. सव्वासात धरा."

"साडेसात तरी करा, साहेब."

"सव्वासात."

गुलाबरावांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी हात आवरला, ताट पुढे ओढलं आणि पुरीचा घास मोडत म्हणाले, "मग होता खरा."